कुंडीतलं झाड, दलदलीतलं रान



आजचं बोलणं सुरू झालं ते एका वादातून. आमच्या गटांची मिळून एक छोटी रोपवाटिका आहे. शेवगा, कढीलिंब, जांभूळ, बांबू अशी रोपं आम्ही करतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर विकतो. मागच्या बैठकीत एका ताईंनी विषय काढला. त्या लेकीकडे शहरात गेल्या होत्या. तिथे प्रदर्शनात त्यांनी हातभर उंचीचं वडाचं झाड पाहिलं. पारंब्या, ढोली, सगळं मोठ्या वडासारखं, पण ताटाएवढ्या कुंडीत. किंमत काही हजार रुपये. ताई म्हणाल्या, "आपण वर्षभर रोपं वाहून दमतो. हे का शिकू नये?"

त्यावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी एकदम बोलल्या, "झाडाचे पाय बांधायचे, त्याला उपाशी ठेवायचं, आणि त्याचे पैसे घ्यायचे? आपण बायका. पाय बांधणं काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको." दुसरी म्हणाली, असलं झाड घरात असलं की घराची वाढ खुंटते असं म्हणतात. बैठक तिथेच थांबली. कर्जाचे हप्ते गोळा झाले, चहा झाला, पण मावशींचा प्रश्न काही मिटला नाही.

मग आम्ही ठरवलं, आधी या कलेचा इतिहास समजून घेऊ. वाचताना आम्हाला एका झाडाची गोष्ट सापडली. झाड अमेरिकेतलं आहे, आपल्या रानात ते नाही. पण त्याची गोष्ट मावशींच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडते. तीच आज तुम्हाला सांगतो.

ताटातल्या झाडाचा प्रवास

बोन्साय हा शब्द जपानी. 'बोन' म्हणजे उथळ ताट किंवा कुंडी आणि 'साई' म्हणजे लावणं. ताटात लावलेलं, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत आपण त्याला वामनवृक्ष म्हणतो. आता आपण दिवाळीत बळीचं राज्य मागणाऱ्या बायका, त्यामुळे वामन म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडते. आमच्याही पडली होती.

ही कला मूळची चीनमधली. तिथे एका राजपुत्राच्या थडग्यात इ. स. ७०६ सालची भिंतीवरची चित्रं आहेत. त्यात सेवक हातात तबक घेऊन चालले आहेत आणि तबकात छोटे दगड नि छोटी रोपं आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी ही कला होतीच. चीनमधून ती जपानला गेली. तिथल्या १३०९ सालच्या एका चित्रपटात, म्हणजे गुंडाळी करून ठेवायच्या लांबलचक चित्रात, अंगणात मांडलेली ताटातली झाडं दिसतात.

पुढची एक हकीकत आम्हाला फार आवडली. १९२३ साली टोकियो भागात मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, शहर बेचिराख झालं. तिथल्या बोन्साय करणाऱ्या माळ्यांचे मळे उद्ध्वस्त झाले. मग काही जण शहराबाहेर ओमिया इथे मोकळ्या जागेवर गेले आणि १९२५ साली त्यांनी बोन्सायचं गावच वसवलं. गावाचे नियम ठरवले. प्रत्येक घरात किमान दहा बोन्साय हवीत. फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं. दुमजली घर बांधायचं नाही. कुंपण भिंतीचं नको, झाडाझुडपांचं हवं. आपल्या गटाची नियमावली असते ना, तशीच ही. सगळं गेल्यावर माणसं एकत्र आली, नियम केले आणि धंदा पुन्हा उभा केला. ते गाव आजही आहे.

अमेरिकेत ही कला नेली ती तिथे पोटापाण्यासाठी गेलेल्या जपानी माणसांनी. त्यांच्या नशिबी १९४२ साल आलं. जपान आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना सरकारने घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक तिथेच जन्मलेले, तिथलेच नागरिक होते. ओसाड माळावरच्या त्या लाकडी खोल्यांच्या भोवती या माणसांनी बागा केल्या, आसपासची खुरटी झाडं आणून कुंड्यांत लावली. जिथे स्वतःच बांधलेले होते तिथे त्यांनी झाडं सांभाळली. हे वाचून झाल्यावर आमच्या मावशी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुढे वाचा."

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. तेव्हा जपानने त्या देशाला ५३ बोन्साय भेट दिली. त्यांच्यासाठी वॉशिंग्टन शहरात एक संग्रहालय उभं राहिलं. त्या भेटीत पाइनचं, म्हणजे आपल्या चिडाच्या जातीतलं, एक झाड होतं. १६२५ सालापासून ते कुंडीत वाढवलेलं होतं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीपासून. ते देणारे यामाकी कुटुंब हिरोशिमाचं. २००१ साली यामाकींचे नातू ते झाड पाहायला संग्रहालयात आले, तेव्हा तिथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की १९४५ साली अणुबाँब पडला त्या दिवशी हे झाड हिरोशिमातच होतं, स्फोटाच्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. रोपवाटिकेच्या भिंतीआड होतं म्हणून वाचलं. ज्या देशाने बाँब टाकला त्यालाच ते झाड दिलं, आणि देताना त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पाण्यात उभं राहणारं झाड

आता आपल्या मुख्य झाडाकडे येऊ. त्याचं नाव बाल्ड सायप्रस. बाल्ड म्हणजे टकलं. आमच्या गटात हे नाव ऐकून हशा पिकला. पण नावाला कारण आहे. सायप्रसच्या नात्यातली सूचिपर्णी झाडं बहुतेक बारमाही हिरवी असतात. हे मात्र थंडी आली की तांबूस होतं आणि सगळी पानं गाळून उघडं उभं राहतं. वसंतात पुन्हा पिसासारखी मऊ, पोपटी पालवी येते.

हे झाड अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. मिसिसिपी नदी जिथे समुद्राला मिळते त्या लुइझियाना राज्यात त्याची मोठी रानं होती. तिथे जमीन आणि पाणी यांच्यात धड सीमा नाही. वर्षातले कित्येक महिने झाडं गुडघाभर, कमरभर पाण्यात असतात. आपलं एखादं झाड इतकं पाण्यात राहिलं तर मुळं कुजून मरेल. हे मरत नाही. त्याचा बुंधा खाली फुगतो, त्याला खाचा पडतात, आणि तो रुंद घागऱ्यासारखा पसरतो. मुळांमधून पाण्याच्या वर टोकदार खुंट निघतात. तिकडे त्यांना झाडाचे गुडघे म्हणतात. कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, हे तर आमच्या तिवरांसारखं. दिसायला तसंच. तिवराची चिखलातून वर आलेली मुळं श्वास घेतात. सायप्रसचे गुडघे नेमके कशासाठी, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हवेसाठी, आधारासाठी, दोन्ही बाजूंनी मतं आहेत.

या झाडाची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. ते जन्मभर पाण्यात राहू शकतं, पण त्याचं बी पाण्याखाली रुजत नाही. बी रुजायला पाणी ओसरून ओली जमीन उघडी पडावी लागते. आणि रोप पुढच्या पुराच्या आत एवढं वाढावं लागतं की त्याचा शेंडा पाण्याच्या वर राहील. म्हणजे नदीने यावंही आणि जावंही. दोन्ही झालं तरच पुढची पिढी.

वय विचाराल तर आपल्याला कल्पना करता येणार नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लॅक नावाची नदी आहे. तिथल्या एका बाल्ड सायप्रसच्या खोडातली वर्षावळी मोजून शास्त्रज्ञांनी २०१९ साली जाहीर केलं की ते झाड किमान २६२४ वर्षांचं आहे. 

रानाचा आसरा आणि रानावरची कुऱ्हाड

या रानात माणसं फार पूर्वीपासून राहत आली. चिटिमाचा आणि इतर आदिवासी लोक अख्खं खोड कोरून त्याच्या होड्या करत. १७१८ साली फ्रेंचांनी न्यू ऑर्लिन्स शहर वसवलं. तिथली घरं, छपराच्या फळ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं या लाकडाचं. कारण जुन्या सायप्रसचं लाकूड सहसा कुजत नाही, त्याला वाळवी चटकन लागत नाही.

आणि हे रान आसराही होतं. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, मळ्यांवर गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांपैकी काही जण पळून या दलदलीत शिरत. बायका आणि मुलंही असत. मालकांच्या घोड्यांना आणि कुत्र्यांना तिथे वाट मिळत नसे. या लोकांनी रानात वस्त्या केल्या, भाजीपाला लावला, मासे धरले, आणि सायप्रसचे ओंडके तासून लाकूड गिरणीवाल्यांना गुपचूप विकले. त्यांच्या एका म्होरक्याचं नाव सान मालो. १७८४ साली त्याला पकडून न्यू ऑर्लिन्समध्ये फाशी दिलं. पण त्याचं नाव तिथल्या लोकांच्या आठवणीत राहिलं. रान माणसाला लपवतं, पोसतं, हे सह्याद्रीच्या लेकींना वेगळं सांगायला नको.

मग १८७६ साल आलं. अमेरिकेच्या सरकारने कायदा बदलला आणि दक्षिणेतल्या सरकारी जमिनी विकायला काढल्या. दलदलीची जमीन म्हणजे पडीक, असा हिशोब. एकरी पाव ते अर्धा डॉलर एवढ्या कवडीमोलाने हजारो एकर रान लाकूड कंपन्यांच्या हाती गेलं. शेकडो वर्षांची झाडं त्या भावात गेली.

सुरुवातीला एक अडचण होती. ओलं सायप्रस इतकं जड की पाण्यात बुडतं. रानातून लाकूड बाहेर काढायचं तर पाण्यावरूनच. मग तोडणाऱ्यांनी युक्ती केली. पानगळीच्या सुमाराला होडीत उभं राहून ते झाडाच्या बुंध्याभोवती कुऱ्हाडीने खोल कडं कापत. साल आणि त्याखालचं ओलं लाकूड तुटलं की वरपर्यंत रस पोचत नाही. झाड उभ्याउभ्या वाळत जाई. काही महिन्यांनी पाडलं की ते तरंगे. पुराच्या पाण्यावरून ओंडके बांधून गिरणीत न्यायचे.

१८९० च्या सुमाराला यंत्र आलं. तराफ्यावर वाफेचं इंजिन, त्याला लांब तारदोर. इंजिन एका जागी उभं करायचं आणि चारी बाजूंनी ओंडके चिखलातून ओढत आणायचे. वाटेत आलेली कोवळी झाडं चिरडली जात. ओढून ओढून जमिनीत खोल चर पडले, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, मधोमध इंजिनाची जागा. ते चर आजही विमानातून दिसतात.

गावोगाव गिरण्या उभ्या राहिल्या. पॅटरसन गावातली फ्रँक विल्यम्स यांची गिरणी जगातली सगळ्यात मोठी सायप्रस गिरणी म्हणून ओळखली जाई. कंपन्यांच्या संघाने जाहिरात केली, हे 'अमर लाकूड' आहे. लाकूड टिकाऊ होतंच. रान मात्र साठ-सत्तर वर्षांत संपलं. १९५० च्या दशकात शेवटच्या मोठ्या गिरण्यांना टाळी लागली. गिरणीभोवती वसलेल्या वस्त्यांमधून माणसं दुसरीकडे गेली. गंमत पाहा, १९६३ साली लुइझियानाने याच झाडाला राज्यवृक्षाचा मान दिला.

जुनी झाडं अजिबात उरली नाहीत असं नाही. जी वाकडी होती, पोकळ होती, शेंडा मोडलेली होती, ज्यांच्यातून फळी निघाली नसती, ती तशीच सोडून दिली. सरळ झाडावर कुऱ्हाड आधी पडते, असं आपल्याकडे म्हणतातच. बिनकामाची ठरली म्हणून ती वाचली. आज म्हाताऱ्या सायप्रसचा पत्ता लागतो तो बहुतेक त्यांच्यावरूनच.

रान परत का आलं नाही

तुम्ही विचाराल, पुन्हा उगवलं नाही का? काही ठिकाणी दुसऱ्या पिढीची झाडं आली. पण पुष्कळ ठिकाणी नाही आली. मघाची बियांची गोष्ट आठवा. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, लाखो लोक बेघर झाले. त्यानंतर सरकारने नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध घातले. गावं वाचली. पण नदी जो गाळ रानात आणून टाकायची तो थांबला. जमीन खचत गेली आणि कित्येक ठिकाणी पाणी बारा महिने साचून राहिलं. पाणी ओसरत नाही, मग बी रुजणार कुठे? त्यात १९३० च्या दशकात केसाळ कातड्याच्या धंद्यासाठी दक्षिण अमेरिकेतून न्यूट्रिया नावाचा घुशीसारखा मोठा प्राणी आणला होता. तो रानात पसरला आणि कोवळी रोपं कुरतडून टाकू लागला.

आणखी एक घाव बसला. १९६० च्या दशकात जहाजांना जवळची वाट हवी म्हणून समुद्रापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सुमारे १२२ किलोमीटरचा कालवा खणला. त्या वाटेने खारं पाणी आत आलं. सायप्रसला पाणी कितीही चालतं, पण मीठ चालत नाही. शहराच्या पूर्वेला लोअर नाइन्थ वॉर्ड नावाची वस्ती आहे. कष्टकरी कृष्णवर्णीयांची. तिच्या मागे सायप्रसचं रान होतं. जुन्या लोकांना तिथे मासे, खेकडे धरल्याचं आठवतं. खाऱ्या पाण्याने ते रान मेलं. उरलं उघडं पाणी आणि त्यात उभे सुकलेले बुंधे.

२९ ऑगस्ट २००५. कतरीना वादळ आलं. समुद्राचं पाणी चढलं, बांध फुटले आणि सगळ्यात आधी नि सगळ्यात वाईट बुडालेल्या वस्त्यांत हीच होती. हजाराहून जास्त माणसं त्या वादळात गेली. नुसतं रान असतं तर वस्ती वाचली असती, असं आम्ही म्हणणार नाही. बांध कच्चे होते हे मोठं कारण. पण घट्ट मुळांचं रान लाटेचा जोर तोडतं, हे कोकणातल्या बायकांना माहीत आहे. वादळानंतर २००९ साली तो कालवा दगडांचा बांध घालून बंद केला. आणि लोकांनी, स्वयंसेवकांनी त्या भागात पुन्हा सायप्रसची रोपं लावायला घेतली. ज्या रानाला पडीक म्हणून विकलं होतं, त्याची किंमत माणसं बुडाल्यावर कळली.

म्हाताऱ्या झाडाचं रूप

आता कुंडीकडे परत येऊ. याच न्यू ऑर्लिन्समध्ये व्हॉन बँटिंग नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या घरचाच रोपवाटिकेचा व्यवसाय. त्यांना बोन्सायचा नाद लागला. तेव्हा अमेरिकेतही सगळे जपानी पद्धतीने झाड घडवायचे. म्हणजे खाली रुंद, वर निमुळतं, देवळाच्या शिखरासारखं. कोवळं सायप्रस तसंच दिसतं. पण दलदलीतली म्हातारी सायप्रस तशी दिसत नाहीत. शेकडो वर्षांची वादळं आणि विजा खाऊन त्यांचा शेंडा मोडलेला असतो. खालच्या फांद्या गळून गेलेल्या असतात. उंच, नागडं खोड आणि माथ्यावर पसरट, चपटी छत्री. बँटिंग यांनी आपल्या भागातली ती म्हातारी झाडं नीट न्याहाळली आणि कुंडीतल्या सायप्रसला तेच रूप दिलं. चपट्या माथ्याची ही शैली पुढे जगभरच्या बोन्साय करणाऱ्यांनी उचलली. बँटिंग २००८ साली वारले.

आम्हाला यातलं महत्त्वाचं हे वाटलं. त्यांनी कला परक्यांची घेतली, पण झाड घडवताना डोळ्यापुढे स्वतःच्या मुलखातलं म्हातारं झाड ठेवलं. आणि तेही कंपन्यांनी बिनकामाचं म्हणून सोडलेलं.

त्याची निगा

तिकडचे जाणकार हे झाड कसं सांभाळतात ते थोडक्यात सांगतो, कारण यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या झाडांनाही लागू आहेत.

कामाचा पहिला हंगाम थंडीचा शेवट. झाड पानं गाळून झोपलेलं असतं, कळ्या नुकत्या फुगायला लागलेल्या असतात. तेव्हा ते कुंडीतून काढतात, खालची जाड मुळं कापतात, बारीक केसाळ मुळं ठेवतात आणि नव्या मातीत बसवतात. या झाडाला मुळांची कापणी चांगली सोसते. खोड हव्या त्या उंचीवर कापतात. कापाच्या शेजारून फुटलेला एक जोमदार कोंब वर जाऊ देतात. तो जाड झाला की पुन्हा कापतात. असं दहा-पंधरा वर्षं केलं की खालून वर निमुळतं होत गेलेलं खोड तयार होतं.

दुसरी गोष्ट पाणी. उन्हाळ्यात कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवली तरी चालते. ऊन दिवसभर हवं. सावलीत त्याच्या फांद्या लांबट, दुबळ्या होतात.

तिसरी गोष्ट तार. फांदीला वळण द्यायला तार गुंडाळतात. पण हे झाड वसंतात भराभर फुगतं. तार काही आठवड्यांत सालीत रुतते आणि तो वण वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून तार बांधली की सतत पाहत राहायचं आणि वेळेत सोडवायची. आमच्या मावशी यावर म्हणाल्या, "बांधणारीला सोडवायचं ध्यान हवं."

चौथी गोष्ट शेंडा. सगळा जोर वर जातो, खालच्या फांद्या उपाशी राहतात. म्हणून वरचे कोंब खुडत राहायचे म्हणजे खालच्यांना वाटा मिळतो.

आणि उपाशी ठेवायचं, हा आपला मोठा गैरसमज निघाला. कुंडीतल्या झाडाला खत, पाणी, ऊन सगळं वेळेवर लागतं. ते लहान राहतं ते छाटणीमुळे. रानातलं झाड चार दिवस पाणी नसलं तर मुळं लांबवून शोधतं. कुंडीतल्याला ती सोय नाही. ते पूर्ण आपल्या भरवशावर असतं. दोन दिवस लग्नाला गेलं तरी कुणाला तरी सांगून जावं लागतं, दुभत्या जनावरासारखं.

आमचं काय ठरलं

हे सगळं बैठकीत वाचून झालं. मावशींना विचारलं, आता काय म्हणता? त्या म्हणाल्या, "कुंडीतलं झाड मेलं नाही, हे पटलं. पण त्या लोकांचं रान गेलं आणि ताटात नमुना उरला, तसं आपलं व्हायला नको."

मग अशी वाट निघाली. गावातल्या विहिरीच्या काठावर, देवळाच्या भिंतीत, शाळेच्या पन्हाळीत वड, पिंपळ, उंबर उगवतात. भिंत फुटते म्हणून ती दर वर्षी उपटून फेकली जातात. ती आम्ही पावसाळ्यात मुळांसकट काढणार. भिंतीत वाढल्याने त्यांची खोडं आधीच वाकडीतिकडी झालेली असतात आणि बोन्सायला नेमकी तीच लागतात. पाच झाडांपासून सुरुवात. विक्रीची घाई नाही, कारण हे तीन-चार वर्षांचं काम आहे. तोवर शेवगा आणि कढीलिंब आहेच.

मावशींनी एक अट घातली आणि ती आम्ही नोंदवहीत लिहून घेतली. भिंतीतून काढलेल्या झाडांपैकी जितकी कुंडीत जातील, तितकीच ओढ्याकाठी मोकळ्या जमिनीत लावायची. त्यांना तार नाही, कात्री नाही. फक्त पहिली दोन वर्षं पाणी आणि शेळ्यांपासून राखण.

कोकणातल्या मैत्रिणींना जाता जाता एवढंच सांगू. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. रान उभं ठेवून त्यातून मिळकत होते, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. तुमच्या खाडीतली तिवरं कुणी पडीक म्हणून मोजायला लागलं, तर त्याला लुइझियानाची ही गोष्ट सांगा. एकरी पाव डॉलरचा भाव सांगा, आणि त्यानंतरच्या वादळाचंही सांगा.

तुमच्या गावात भिंतीत उगवलेला वड असेल तर उपटण्याआधी आम्हाला कळवा. पुढच्या भागात पहिल्या पाच झाडांचं काय झालं ते सांगू. तोवर नमस्कार.